केएचटीएमएल: क्रोम आणि सफारीचं मूळ घराणं

क्रोम किंवा सफारी एखादं पान मागवताना सर्व्हरला स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ धाडतात. त्या ओळीत आजही ‘केएचटीएमएल, लाइक गेको’ असे शब्द असतात. गेको हे मोझिलाचं इंजिन. पण हे केएचटीएमएल कोण?

लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपचं, वेबपानं रेखाटणारं ते इंजिन. लार्स नोल आणि सहकाऱ्यांनी घडवलेलं, २००० साली केडीई २ सोबत कॉन्करर ब्राउझरमधून लोकांपर्यंत पोचलेलं. परवाना एलजीपीएल: कोड घ्या, बदला, पण बदललेली लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड, वाटलीत तर तिचा कोडही खुला ठेवा. तिच्या जोरावर चालणारा बाकीचा प्रोग्राम मात्र झाकून ठेवता येतो.

७ जानेवारी २००३ला ॲपलने सफारी जाहीर केला, तेव्हा केडीईच्या मंडळींना कळलं की आत आपलंच इंजिन आहे. ॲपलच्या डॉन मेल्टनने त्यांना मेल लिहून कारणंही सांगितली: जेमतेम १,४०,००० ओळींच्या आतला कोड आणि स्वच्छ रचना. अडचण एकच. केएचटीएमएल क्यूटी या लायब्ररीवर उभं होतं आणि ॲपलला क्यूटी नको होतं. मग त्यांनी मध्ये एक थर घातला, केडब्ल्यूक्यू, म्हणायचं ‘क्वॅक’. वरच्या कोडला वाटे आपण क्यूटीशीच बोलतोय, खाली राबे मॅकची यंत्रणा. दुसऱ्याचं पॅकेज वापरायची ही युक्ती मला आजही फार देखणी वाटते.

याला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणता येणार नाही, कारण ॲपल बदल परत देत होतं. फक्त गठ्ठ्याने. कुठला बदल कशासाठी केला याचा माग नाही, त्यात मॅकपुरती जोडकामं मिसळलेली. एवढ्या ढिगातून आपल्या कामाचं वेचायचं कसं? २००५मध्ये केडीईच्या विकासकांनी ही नाराजी उघड बोलून दाखवली. परवान्याची अट पाळली जात होती, पण देवघेव होत नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये ॲपलने वेबकिटचा, म्हणजे केएचटीएमएलपासून घडवलेल्या आपल्या इंजिनाचा, कोडसाठा बदलांच्या इतिहासासह आणि बगांच्या नोंदींसह खुला केला.

पुढे २००८मध्ये क्रोम वेबकिटवर आला, २०१३मध्ये गूगलने त्यातून ब्लिंक हे आपलं इंजिन वेगळं काढलं आणि २०२०पासून मायक्रोसॉफ्टचा एजही ब्लिंकवर चालतो.

खुद्द केडीईने फ्रेमवर्क्स ६मधून, म्हणजे २०२४ साली, केएचटीएमएल वगळलं. ओळखीच्या ओळीतले ते शब्द मात्र कुणी काढत नाही. ते पाहून पान कसं द्यायचं हे ठरवणारी संकेतस्थळं अडखळतील.