नॉरसेटच्या वहीवर एनक्लेक्स सुटत नाही

चिपळूण-रत्नागिरीपासून कणकवली-सावंतवाडीपर्यंत जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलामुलींकडे नॉरसेटच्या नोट्स असतातच. परदेशी जायचं ठरलं की त्याच वहीवर एनक्लेक्सची तयारी सुरू होते आणि कष्टाळू मुलं नापास होतात.

नॉरसेट ही एम्सची नर्सिंग ऑफिसर भरती. ती परवाना देत नाही. आपल्याकडे नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल करते. एनक्लेक्स-आरएन ही अमेरिकेत परवाना मिळवण्याची परीक्षा. नॉरसेट तुम्हाला ठाऊक आहे: चार पर्याय, एक बरोबर, आणि तीन चुकांमागे एक गुण जातो. तिथे वन-लायनर, म्हणजे एका ओळीत पाठ केलेली उत्तरं, कामाला येतात. लाल विंचू चावल्यावर औषध प्राझोसिन, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे कोकणात तरी वेगळं पाठ करावं लागत नाही.

खरी अडचण पुढे आहे. एनक्लेक्समध्ये पुष्कळदा चारही पर्याय बरोबर असतात. रक्त सुरू करून दहा मिनिटं झाली, रुग्णाला हुडहुडी भरली, कंबर दुखू लागली. रक्त थांबवणं, डॉक्टरांना कळवणं, बीपी-नाडी बघणं, पिशवी रक्तपेढीत परत पाठवणं, हे सगळंच करायचं असतं. प्रश्न ‘आधी काय’ एवढाच आहे. आधी रक्त थांबवायचं, कारण प्रत्येक थेंबासोबत धोका वाढतो. आपल्याकडच्या वॉर्डात ‘आधी सरांना विचारा’ हे अंगात मुरलेलं असतं, त्यामुळे हात नेमका दुसऱ्या पर्यायाकडे जातो. जे नर्सने स्वतः, त्याच क्षणी करायचं ते बाजूला ठेवून फोनचा पर्याय निवडू नका.

‘श्वास आधी’ हे सूत्रही आंधळेपणाने लावू नका. चार रुग्ण घ्या: जुन्या सीओपीडीचा (फुप्फुसांचा जुनाट आजार), ऑक्सिजन ९० टक्के; पाय मोडलेला, वेदना दहापैकी सात; साखर १८० असलेला मधुमेही; आणि काल थायरॉइड काढलेली, ओठांभोवती मुंग्या येणारी बाई. बहुतेक जण ९० हा आकडा बघून पहिल्याकडे धावतात. पण त्याला ९० नेहमीचंच आहे. थायरॉइडसोबत शेजारच्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींना इजा झाली की कॅल्शियम उतरतं, घशाचे स्नायू आवळले जाऊन श्वास बंद पडू शकतो. आधी तिच्याकडे. अपेक्षित काय आणि नवं काय, हे ओळखणं पाठांतराने येत नाही.

म्हणून रोज ६० ते ७५ प्रश्न पुरे, पण सोडवायला लागला त्याच्या दुप्पट वेळ स्पष्टीकरणांना द्या, बरोबर आलेल्या प्रश्नांच्याही. दिवसाला ३०० प्रश्न सोडवल्याचा आकडा मला अजिबात पटत नाही. चुकांच्या वहीत तीन रकाने करा: माहीतच नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही, क्रम चुकला. पुस्तक फक्त पहिल्या रकान्यासाठी उघडायचं. तिसरा रकाना भरत असेल तर तोच धडा पुन्हा वाचून काही होणार नाही. प्रत्येक पर्यायापुढे ‘हे आत्ता केलं नाही तर काय होईल’ हे एका ओळीत लिहा.

बाकीचे फरक किरकोळ. सालब्युटामॉलला तिथे अल्ब्युटेरॉल म्हणतात, पॅरासिटामॉलला अ‍ॅसिटामिनोफेन. एका संध्याकाळी यादी होते. एनक्लेक्समध्ये चुकीला गुण कापत नाहीत, पण प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही, मागेही येता येत नाही.

प्रश्न ८५ ते १५०, वेळ पाच तास. कितव्या प्रश्नाला थांबायचं ते तुमच्या उत्तरांवरून संगणक ठरवतो. ८५ला संगणक थांबला म्हणजे पास, ही समजूत सोडा. तिथे नापासही होतात. एप्रिल २०२३पासून तीन केस स्टडी असतात, प्रत्येकी सहा प्रश्नांच्या. त्यांचा सराव मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर करा. आणि पावसाळ्यात परीक्षेसाठी मुंबई गाठायची असेल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक बघून आदल्या दिवशीच पोहोचा.