यकृताच्या कर्करोगावरील वनस्पतिजन्य संयुगे

यकृताच्या कर्करोगावर औषध म्हणून तपासली जाणारी, वनस्पतींपासून वेगळी काढलेली रसायने. हळदीतील कर्क्युमिन, भुईआवळ्यातील घटक आणि चीनमधील एपिमेडियम या वनस्पतीपासून मिळणारे इकारिटिन ही त्यांतली परिचित नावे. काढे, चूर्णे आणि रस यांच्याशी त्यांची गल्लत करू नये. संशोधन होते ते एकेका शुद्ध रेणूवर. दुकानात मिळते ते बहुधा अख्खे झाड, दळून.

हा कर्करोग मुख्यतः हिपॅटायटिस बी व सी, दारू, यकृतात साठलेली चरबी आणि बुरशी लागलेल्या शेंगदाण्या-मक्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष यांमुळे होतो. २०२२ मध्ये जगात सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार लोक दगावले. आजार पुढे गेलेला असला की शस्त्रक्रिया करता येत नाही. २००७ मध्ये मान्यता मिळालेल्या सोराफेनिब या औषधाने रुग्णांचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो काळ) ७.९ वरून १०.७ महिन्यांवर नेले, तेव्हा तेही मोठे यश मानले गेले. वनस्पतींकडे नजर वळते ती या तुटपुंजेपणामुळे.

सर्वाधिक अभ्यास कर्क्युमिनचा झाला आहे. सांगलीच्या पेठेत व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. तो रंग कर्क्युमिन आणि त्याच्या दोन भावंडांचा. वजनाच्या मानाने ते साधारण २ ते ५ टक्के भरते. काचपात्रातल्या कर्कपेशी त्याने मरतात, पण पुरेशा मात्रेत ब्लीच ओतले तरी त्या मरतातच. खरी अडचण पोटात गेल्यावर सुरू होते. कर्क्युमिन फारसे शोषले जात नाही, आणि जे शोषले जाते ते आतड्याचे अस्तर व यकृत चटकन दुसऱ्या रेणूंशी बांधून शरीराबाहेर टाकतात. म्हणजे ज्या अवयवासाठी औषध घ्यायचे, तोच त्याची विल्हेवाट लावतो.

यावर तोड म्हणून बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतले २० मिलिग्रॅम पिपेरिन दिले, तेव्हा माणसांच्या रक्तातील त्याची उपलब्धता सुमारे वीसपट वाढली. हळदीच्या कॅप्सूलवर ‘मिरीसह’ असे छापतात ते यामुळेच. मात्र पिपेरिन हे साधते विल्हेवाट लावणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) मंद करून, आणि रुग्णाची इतर औषधेही त्याच वाटेने जातात. हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत. त्यांतल्या बऱ्याच रुग्णांमध्ये एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. आमटीतल्या हळदीला यातले काही लागू नाही, हे वेगळे सांगायला नको.

भुईआवळ्याची कथा आशेने सुरू झाली. कावीळ झाली की तो वाटून द्यायची रीत जुनीच. १९८८ मध्ये चेन्नईतील एका चाचणीत हिपॅटायटिस बी वाहकांपैकी ५९ टक्क्यांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठ-प्रथिन, म्हणजे संसर्गाची खूण, नाहीसे झाल्याचे प्रसिद्ध झाले. नंतरच्या चाचण्यांत तसे घडले नाही.

रुग्णापर्यंत पोचले ते इकारिटिन. चीनने जानेवारी २०२२ मध्ये त्याला सशर्त मान्यता दिली, तीही प्रमाणित उपचार न झेपणाऱ्या निवडक रुग्णांसाठी. ज्या चाचणीवर ही मान्यता उभी आहे तिच्यात तुलनेला सोराफेनिब नव्हते, भेकाच्या कातडीपासूनचे एक चिनी औषध होते. त्यामुळे या यशाचे माप अजून नीट लागलेले नाही.

सह्याद्रीतही या वर्गातले एक झाड आहे: नरक्या. फुलांना दुर्गंध म्हणून हे नाव. त्यात कॅम्प्टोथेसिन हे कर्कपेशी मारणारे रसायन असल्याचे १९७२ मध्ये कळले आणि लाकडाची चोरटी तोड पुढे फोफावली. या रेणूपासून घडवलेले इरिनोटेकान यकृतात वापरतात, पण ते आतड्याचा कर्करोग तिथे पसरला असेल तेव्हा. हे औषध शिरेतून जाते तेव्हा बरेचसे निद्रिस्तच असते. त्याला जागे करण्याचे मोठे काम यकृतातील विकर करतात आणि त्याचा बराचसा निचराही पित्तावाटे होतो. म्हणून बिलिरुबिन (पित्तातले पिवळे रंगद्रव्य) वाढलेल्या रुग्णाला ते द्यायचे झाले, तर आधी मात्रा कमी करावी लागते.