कोड स्पर्शाने पसरत नाही, आणि त्यावर इलाजही आहे

कोड असलेल्या माणसाचा हात हातात घेतला तर आपल्यालाही होतं आणि एकदा उठलं की ते जातच नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. दोन्ही चूक. कोड कुठल्याही जंतूमुळे होत नाही. शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी त्वचेला रंग देणाऱ्या मेलानोसाइट पेशी मारतात, म्हणून पांढरा डाग पडतो. यात दुसऱ्याला लागण्यासारखं काहीच नाही.

कुष्ठरोगाशी होणारी गल्लत तर फार क्रूर आहे. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श नीट कळत नाही. कोडाच्या डागावर नेहमीसारखा कळतो. अंधाऱ्या खोलीत वुड्स दिव्याचा अतिनील प्रकाश टाकला की कोडाचा डाग निळसर पांढरा चमकतो, कडा ठळक दिसतात.

आता इलाज. प्रकाशोपचार जुनाच आहे. रुक्सोलिटिनिब या औषधाचं मलम मात्र रोगप्रतिकारक पेशींच्या हल्ल्याचा संदेश पोचवणारी जेएके विकरंच अडवतं. दोन मोठ्या चाचण्यांत २४ आठवड्यांनी सुमारे ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरच्या कोडात किमान ७५ टक्के सुधारणा झाली. औषधाविना मलम लावणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२२ मध्ये १२ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली.

सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आणि घाईही चालत नाही. रंग बहुधा केसांच्या मुळांतून परततो: आधी डागात बारीक तपकिरी ठिपके उमटतात, मग ते एकमेकांत मिसळतात. म्हणूनच बोटांच्या टोकांवर, जिथे केसच नसतात, तिथे सुधारणा फार कमी होते.