तोल-पुनर्वसनातील आभासी वास्तव

महिनोन्‌महिने न हटणाऱ्या चक्करेवर व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बसवायचा पडदा, घालून करून घ्यायच्या व्यायामांची उपचारपद्धती. किशोरवयीन रुग्णांसाठी ती अलीकडे वापरली जाऊ लागली आहे.

शरीराचा तोल अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका, डोळे आणि स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव या तिघांच्या भरवशावर चालतो. डोक्याला लागलेला मार, अर्धशिशी किंवा अंतर्कर्णाचा दाह यांनंतर मूळ दुखणे ओसरले, तरी काहींचा मेंदू डोळ्यांवरच जास्त विसंबून राहतो. मग भोवती काही हलले की पायांखालची जमीन हलल्यासारखी वाटते. अशी चक्कर तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ बहुतेक दिवशी राहिल्यास पीपीपीडी (पर्सिस्टंट पोश्चरल-पर्सेप्च्युअल डिझिनेस, म्हणजे दीर्घकाळ टिकणारी चक्कर) या विकाराचा विचार होतो. त्याचे निकष बारानी सोसायटी या तोलविकारांच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. गरगरण्यापेक्षा नावेत उभे असल्यासारखे वाटणे ही येथील नेमकी तक्रार. मधल्या सुट्टीतला शाळेचा व्हरांडा, सरकता जिना, मोबाइलवर भराभर सरकणारा मजकूर एवढेही त्रासाला पुरते. तपासण्या निर्दोष येतात, म्हणून ‘शाळा बुडवायची नाटकं’ हा शेराही मिळतो, आणि तो चुकीचा असतो. मूल गर्दी टाळू लागते, आणि टाळल्याने त्रास आणखी मुरतो.

तोलाचे व्यायाम नवे नाहीत. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये कॉथॉर्न व कुक्सी या डॉक्टरांनी ते बसवले: बोटावर नजर ठेवून मान फिरवणे, चेंडू या हातातून त्या हातात टाकणे, डोळे मिटून चालणे. पंधरा वर्षांच्या मुलाला हे चार दिवसांत कंटाळवाणे होते. शिवाय गर्दीचा व्हरांडा दवाखान्यात आणता येत नाही. हेडसेटमध्ये तो आणता येतो, आणि त्याचा वेग कमी-जास्त करता येतो.

सुरुवात खुर्चीत बसून, काही मिनिटांची. समोर दुकानातले फडताळ. मान डावी-उजवीकडे वळवून त्यातला लाल डबा शोधायचा. डोळे झाकलेले असल्याने थेरपिस्ट हाताच्या अंतरावर उभा असतो आणि मधून मधून विचारतो, ‘शून्य ते दहात आता किती?’ आकडा दोन-तीनने चढला की हेडसेट उतरवायचा आणि स्थिर भिंतीकडे पाहत तो खाली येईपर्यंत थांबायचे. पुढे तेच उभ्याने, मग मऊ फोमवर, मग चालती गर्दी वाढवून.

धडधाकट माणसालाही मळमळायला लावणारे हे यंत्र आहे, म्हणून मात्रेला फार महत्त्व. घरी हेडसेट आणून खेळ खेळणे म्हणजे हा उपचार नव्हे. अर्धशिशी असल्यास जपून, आणि लखलखत्या प्रकाशाने झटके येणाऱ्या अपस्मारात तो टाळतात. अभ्यास मुख्यतः प्रौढांवरचे आहेत. साध्या व्यायामांहून व्हीआर सरस, असे किशोरवयीनांबाबत ठामपणे म्हणता येत नाही. शेवटचे व्यायाम मात्र हेडसेटशिवाय, खऱ्या जिन्यावर आणि खऱ्या गर्दीतच घ्यावे लागतात.