विकतचं पन्सित घरी कसं शिजू लागलं

पन्सित बिहोन या फिलिपिनो नूडल्सची कृती चार ओळींत संपते. तेलात लसूण, मग कांदा. त्यावर चिकन किंवा पोर्क, थोडी कोळंबी. गाजर, फरसबी, कोबी. सोया सॉस घातलेलं मांसाचं पाणी, आणि त्यात तांदळाच्या भिजवलेल्या बारीक नूडल्स. खाताना वरून पिळायला कालामान्सी नावाचं सुपारीएवढं लिंबू. फिलिपिन्समध्ये वाढदिवसाला हे लागतंच, आणि त्या दिवशी नूडल्स तोडायच्या नसतात, कारण नूडल जितकी लांब तितकं आयुष्य लांब. याहून घरगुती पदार्थ तिथे नसेल असंच कुणालाही वाटेल. पण पन्सितचा बराचसा इतिहास घराबाहेर घडलेला आहे. आधी ते विकत घेऊन खायची चीज होती, घरच्या चुलीवर चढलं ते नंतर. हा क्रम लक्षात घेतला की त्याच्या कृतीतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

सुरुवात व्यापारातून झाली. चीनच्या फुजियान किनाऱ्यावरची गलबतं स्पॅनिश लोकांच्या कितीतरी आधीपासून या बेटांवर येत होती. १५७१ मध्ये स्पेनने मनिला घेतलं आणि हा व्यापार एकदम फुगला. मेक्सिकोतल्या आकापुल्कोहून चांदी यायची, चीनमधून रेशीम आणि चिनी मातीची भांडी, आणि देवघेव मनिलात व्हायची. त्या गलबतांतून होक्किएन ही फुजियानची बोली बोलणारे व्यापारी, सुतार, चांभार, शिंपी, आचारी असे सगळेच उतरू लागले. स्पॅनिश लोक त्यांना ‘सांगले’ म्हणत. त्यांच्यावाचून चालत नव्हतं आणि त्यांच्यावर विश्वासही नव्हता. म्हणून १५८१ मध्ये गव्हर्नर गोन्सालो रोन्कियो दे पेन्यालोसा यांनी त्यांच्यासाठी पारियान नावाची वेगळी वस्ती ठरवून दिली. ती शहराच्या तोफांच्या टप्प्यात राहील याची पुढेही काळजी घेतली गेली.

मनिलाचे पहिले बिशप दोमिंगो दे सालाझार यांनी १५९० मध्ये स्पेनच्या राजाला लिहिलेल्या पत्रात या पारियानचं वर्णन आहे, आणि ते वाचताना बिशपांचं कौतुक लपत नाही. चीनमधून आणलेल्या गव्हाच्या पिठाचा पाव तिथले भटारी करतात, रस्तोरस्ती फिरून स्वस्तात विकतात, त्यामुळे भाताच्या या मुलखात पूर्वी पाव न खाणारेही आता खाऊ लागले, असं ते सांगतात. पुढे येतं ते आपल्या कामाचं. तिथे पुष्कळ खानावळी आहेत, सांगले आणि स्थानिक लोक तिथे जेवतात, आणि स्पॅनिश लोकही जातात असं आपल्या कानावर आलं आहे. ‘कानावर आलं आहे’ हे मला फार आवडतं. बिशप स्वतः गेले नसावेत, पण कोण कोण जातं याची खबर त्यांच्यापर्यंत पोचत होती.

त्या खानावळींत नेमकं काय शिजत होतं हे बिशप सांगत नाहीत. पण पन्सित हा शब्द त्याच लोकांच्या होक्किएन बोलीतला, चटकन तयार होणाऱ्या खाण्यासाठीचा. त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरलेल्या शब्दांची रांगच आहे: सोया सॉसला ‘तोयो’, टोफूला ‘तोक्वा’, मोडांना ‘तोगे’, उलथन्याला ‘सियान्से’, नूडल्सच्या जातींना ‘बिहोन’, ‘मिकी’, ‘मिसुआ’, ‘सोतांगहोन’. इतके शब्द नुसत्या बाजारहाटातून येत नाहीत. दुसऱ्याला रांधताना जवळून पाहिलं की येतात.

हा शेजार गोडीगुलाबीचा होता असं मात्र कुणी समजू नये. १६०३ मध्ये सांगल्यांचा उठाव झाला आणि तो मोडताना हजारो चिनी मारले गेले. १६३९ मध्ये तेच, १६६२ मध्ये पुन्हा तेच. दर वेळी पारियान उजाड व्हायचं आणि थोड्याच काळात परत उभं राहायचं, कारण शहराला पाव, जोडे, कपडे आणि जेवण पुरवणारं दुसरं कुणी नव्हतं. ख्रिस्ती झालेल्या चिन्यांसाठी पासिग नदीपलीकडे १५९४ मध्ये बिनोंदो वसवलं गेलं. जगातलं सर्वात जुनं चायनाटाउन म्हणून आज तेच दाखवतात. तिथे चिनी पुरुष आणि स्थानिक बायका यांची घरं झाली, त्यांच्या मुलांचा मेस्तिसो वर्ग तयार झाला. पन्सित घरात शिरलं असेल तर पहिल्यांदा याच घरांतून, असा माझा अंदाज आहे.

बाकीच्यांसाठी ते अजून विकतचंच होतं. १७८२ ते १८८२ अशी शंभर वर्षं फिलिपिन्समध्ये तंबाखूवर सरकारी मक्तेदारी होती. मनिलाच्या सिगार कारखान्यांत हजारोंनी बायका कामाला असत. दिवसभर बसून सिगार वळायचे, संध्याकाळी घरी जाऊन चूल पेटवायला ना वेळ ना त्राण. चिनी फेरीवाले पन्सित घेऊन अशा गिऱ्हाइकांपर्यंत जात, असं तिथले खाद्यइतिहासकार सांगतात. मला हा या गोष्टीतला सर्वात महत्त्वाचा धागा वाटतो. पन्सितचा इतिहास बहुतेक वेळा व्यापारी आणि गव्हर्नर यांच्या नावांनी सांगितला जातो. त्याची मागणी मात्र रोजंदारीवरच्या बायकांनी वाढवली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चिनी लोकांच्या येण्यावरची बंधनं सैल झाली. १८४० च्या दशकात जेमतेम सहा हजारांच्या घरात असलेली त्यांची संख्या १८८० च्या दशकात साठ हजारांपुढे गेली. फेरीवाल्यांच्या जोडीला आता दुकानं आली, चिनी शब्दाला स्पॅनिश शेपूट लावून त्यांना ‘पन्सितेरिया’ म्हणू लागले. गिऱ्हाईक स्पॅनिश बोलणारं, म्हणून खाद्यपदार्थांची यादीही स्पॅनिश. परतलेला भात ‘मोरिस्केता तोस्तादा’ झाला, आंबटगोड मासा ‘पेस्कादो एन आग्रियो दुल्से’, खेकड्याचं ऑम्लेट ‘तोर्ता दे कांग्रेहो’. परतलेल्या पन्सितला ‘पन्सित गिसादो’ नाव पडलं. फिलिपिनो खाद्यलेखिका डोरीन फर्नांडेझ यांनी या नावांच्या सरमिसळीबद्दल फार नेमकं लिहिलं आहे. भटारखान्यात चिनी आचारी, यादीत स्पॅनिश नावं आणि ताटावर फिलिपिनो गिऱ्हाईक अशी ती खानावळ.

फिलिपिनो कादंबरीकार होसे रिसाल यांनी १८९१ मध्ये गेंट इथून छापलेल्या ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ या कादंबरीतलं एक अख्खं प्रकरण अशाच पन्सितेरियात घडतं. स्पॅनिश भाषा शिकवणारी संस्था काढू द्या असा विद्यार्थ्यांचा अर्ज असतो. परवानगी मिळते, पण कारभार पाद्र्यांकडे. मुलांनी फक्त वर्गणी गोळा करायची. एवढं करून वर सुचवलं जातं की मेजवानी देऊन आनंद साजरा करा. मुलं मेजवानी करतात, पण पन्सितेरियात. चौदा जण जमतात. भिंतीवर ख्रिसमसच्या देवदूतांच्या गाण्याचं विडंबन लटकवतात, ‘सदिच्छा बाळगणाऱ्या पोरांना पृथ्वीवर पन्सित’ अशा अर्थाचं. मग एकेक पदार्थ एकेकाला अर्पण होतो. पन्सित लांगलांग या सूपचा मान अर्जावर अहवाल देणाऱ्या डॉन कुस्तोदियोला, सारण भरलेल्या रोलचा, म्हणजे लुम्पियाचा, पाद्रे इरेनेला, खेकड्याच्या तोर्ताचा पाद्र्यांना. शेवटी येतं पन्सित गिसादो, ते सरकारला आणि देशाला.

इथे रिसाल यांचा टोला बघण्यासारखा आहे. मुलांपैकी एक म्हणतो, लोक याला चिनी समजतात, जपानी समजतात. पण चीन-जपानात हे कुणाला ठाऊक नाही, म्हणजे हे फिलिपिनोच असणार. तरी ते बनवतात चिनी आणि नफाही त्यांचाच. आपल्या सरकारचं तेच, देशाचं तेच. सगळे यावर ताव मारतात आणि वर नाकं मुरडतात. विनोदात एक गोष्ट सहज नोंदली गेली आहे: १८९१ पर्यंत पन्सित इतकं आपलं झालं होतं की त्याचं मूळ कुठलं हा थट्टेचा विषय व्हावा, आणि तरीही ते खायला खानावळीतच जावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठात सरकारविरोधी भित्तिपत्रकं सापडतात आणि विद्यार्थ्यांची धरपकड होते. मेजवानीला न गेलेला बासिलियो नावाचा विद्यार्थीसुद्धा सुटत नाही. १८९६ च्या ३० डिसेंबरला खुद्द रिसाल यांना गोळ्या घालून मारण्यात आलं. १९५६ च्या कायद्याने त्यांच्या कादंबऱ्या शिक्षणात सक्तीच्या झाल्या, त्यामुळे फिलिपिन्समध्ये शिकलेल्या प्रत्येकाची पन्सितशी एक गाठ अभ्यासक्रमातही पडते.

मग ते घरी आलं कसं? याला एखादं साल चिकटवता येणार नाही. माझ्या मते कळीची गोष्ट म्हणजे वाळवलेल्या नूडल्स. ताज्या मिकीसाठी पीठ मळून ओढणारा हात लागतो, पण वाळलेली बिहोनची जुडी चिनी वाण्याकडून आणून फळीवर महिनोन्महिने ठेवता येते. दुसरी गोष्ट फोडणीची. लसूण-कांदा, कधी टोमॅटो, तेलात परतून घेणं म्हणजे ‘गिसा’. ही स्पॅनिश वळणाची सवय तोवर घरोघरी मुरली होती. टोमॅटो तर आकापुल्को-मनिला फेऱ्या करणाऱ्या स्पॅनिश गॅलियन जहाजांच्या मार्गानेच मेक्सिकोहून आलेला. त्या ओळखीच्या फोडणीत चिनी जुडी टाकायची एवढंच उरलं होतं. गव्हाच्या नूडल्सना वेळ लागला, कारण तिथे गहू पिकत नाही. पिठासाठी आयातीवर भिस्त होती, देशातली पहिली मोठी पिठाची गिरणी उभी राहायला १९५० च्या दशकाची अखेर उजाडली.

घरी आल्यावर प्रत्येक गावाने त्यात आपल्या परसातलं घातलं. मालाबोन हे कोळ्यांचं गाव, तिथल्या जाड नूडल्सवर कालवं, माकुल, कोळंबी. काविते भागात माकुलाच्या शाईत काळंभोर पन्सित होतं. तुगेगाराओला म्हशीच्या, म्हणजे तिथल्या काराबावच्या, मांसाचा खिमा आणि वर अंडं. सेबूत बिहोन आणि अंड्याच्या नूडल्स एकत्र करून बाम-ई. पन्सित पालाबोकवरचा नारिंगी रस्सा आचुएते नावाच्या बियांनी रंगतो, त्याही मेक्सिकोच्याच. त्यावर धुरावलेल्या माशाचा चुरा आणि डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे. लुकबानचं पन्सित हाबहाब केळीच्या पानावर घालून देतात, वर व्हिनेगर शिंपडतात, आणि पान थेट तोंडाला लावून खायचं असतं. काटा-चमचा नाही, बोटंही नाहीत. १५ मे रोजी तिथे सान इसिद्रोचा पाहियास सण असतो, घरांच्या दर्शनी भिंती भाज्यांनी आणि रंगीत तांदळाच्या पापडांनी मढवलेल्या असतात आणि रस्त्यात लोक असे पान धरून खात उभे असतात. इलोइलोच्या पन्सित मोलोत तर नूडल्सच नाहीत, सूपमध्ये पोटल्या असतात. नाव तरीही पन्सितच.

आपल्याकडे फिलिपिनो खाणं पोचलं ते बहुतेक माणसांमार्फत. जहाजांवर गोव्याचे आणि कोकणातले खलाशी फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर एकाच मेसमध्ये जेवतात, आखाती देशांत इस्पितळांत आणि हॉटेलांत शेजारी काम करतात. दावाओला डॉक्टरकी शिकायला जाणारी मराठी मुलंही आहेत. अशा कुणी घरी करायला घेतलं तर एक खुबी सांभाळावी. भारतातल्या चायनीज गाड्यांवर नूडल्स वेगळ्या उकडून मोठ्या आचेवर उडवतात, तसं इथे नाही. पन्सित बिहोन शेवयांच्या उपम्यासारखं आहे, शेवयांनी कढईतच रस प्यायला पाहिजे. भाज्या अर्धवट परतून बाजूला काढायच्या. उरलेल्या फोडणीत मांसाचं पाणी आणि सोया सॉस उकळायचं, कोळंबीची डोकी कुटून त्यांचा रस गाळून घातला तर चव कितीतरी खुलते. मग भिजवलेली बिहोन, दोन उलथन्यांनी खालीवर करत, रस आटेपर्यंत. भाज्या शेवटी परत. सध्या बाजारातली बरीचशी बिहोन मक्याच्या स्टार्चची असते, तेव्हा पाकिटावर तांदूळ आहे की मका ते वाचावं, दोन्ही सारखं पाणी पीत नाहीत. कालामान्सीच्या जागी कागदी लिंबू चालतं, थोडं संत्र्याच्या रसाने सौम्य केलेलं अधिक जवळ जातं.

विकतचं पन्सित मात्र संपलेलं नाही. १९९० च्या सुमारास ‘लकी मी’ या ब्रँडने पन्सित कान्तोन हा प्रकार पाकिटात आणला: नूडल्स उकळायच्या, पाणी ओतून द्यायचं, तेल-सोया-मसाल्याच्या पुड्या कालवायच्या. आज वसतिगृहातल्या मुलांसाठी पन्सित म्हणजे आधी हेच. पगाराच्या दिवशी किंवा मित्रांबरोबर उशीर झाला म्हणून घरच्यांची समजूत काढायला पन्सितचं पुडकं घेऊन येणारा बाप हा तिथला जुना, सगळ्यांच्या ओळखीचा विनोद आहे. आणि वाढदिवसाला पाहुणे जास्त असले की घरची मोठी कावा कढई न काढता सरळ बिलाओची ऑर्डर जाते, म्हणजे बांबूच्या विणलेल्या गोल तबकात केळीच्या पानावर पसरलेलं पन्सित, कडेने उकडलेल्या अंड्यांच्या आणि कालामान्सीच्या फोडी. दर तबकाच्या मापावर ठरतो, दहा माणसांचं की वीस माणसांचं.