पावसात एसी कशाला?

जुलैमध्ये ताम्हिणी घाटातून गेला असाल, तर हा प्रसंग तुमच्याही ओळखीचा असेल. बाहेर धो धो पाऊस, काचा बंद, आत आम्ही चौघे. घाट चढताना समोरची काच आतून पांढरी होत गेली. बाबा एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने फडकं फिरवत होते. पुसलेला पट्टा अर्ध्या मिनिटात पुन्हा धूसर. पुढे वळण आणि वळणावर एसटीचे दिवे.

"बाबा, एसी लावा ना."

"पावसात एसी कशाला? गारठून जाऊ," मागून आई म्हणाली.

आईचं काही चुकलं नव्हतं. एसी म्हणजे गारवा, हेच आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण या यंत्राचा जन्म गारव्यासाठी झालाच नव्हता. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आक्रसायचा आणि एकावर एक छापलेले रंग जागचे हलायचे. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने हवेतली आर्द्रता आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली. हवा कोरडी करणं हे एसीचं मूळ काम, आणि घाटात आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

काचेवर धुकं येतं कुठून? आपल्याच श्वासातून. चार माणसांच्या श्वासातून आणि घामातून तासाभरात पेलाभर तरी पाणी वाफेच्या रूपात गाडीच्या हवेत मिसळतं. भिजलेल्या छत्र्या आणि पायपुसण्या वेगळ्याच. बाहेरून पावसाच्या माऱ्याने काच गार झालेली असते, आणि गार हवेत वाफ कमी मावते. म्हणून काचेला टेकलेल्या हवेतली जास्तीची वाफ तिथेच बारीक थेंब होऊन बसते. फडक्याने थेंब जातात, वाफ तशीच राहते.

एसी ती वाफच काढून घेतो. डॅशबोर्डच्या आत मेकॅनिक जिला 'कूलिंग कॉइल' म्हणतात ती असते. तिच्यात एसीचा 'गॅस' द्रवरूपात येऊन कमी दाबाखाली उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून ओढून घेतो. कॉइल शून्य अंशाच्या जरा वरच ठेवतात, नाहीतर तिच्यावर बर्फ धरेल. आता हिशोब बघा. २४ अंशांच्या पावसाळी हवेत घनमीटरमागे साधारण २२ ग्रॅम वाफ असू शकते, ५ अंशांना मावते जेमतेम ७ ग्रॅम. उरलेलं १५ ग्रॅम पाणी कॉइलवरून निथळून नळीवाटे रस्त्यावर पडतं. उभ्या गाडीखाली दिसणारं थारोळं ते हेच.

मग आईच्या गारठ्याचं काय? तपमानाचा खटका लाल बाजूला फिरवायचा. एसी आणि हीटर एकाच वेळी चालू शकतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. कॉइलवर वाळलेली हवा पुढे हीटरवरून जाऊन ऊबदार होते आणि तहानल्यासारखी काचेवरचं पाणी पिऊन टाकते. सोबत आतलीच हवा फिरवणारं, वळलेल्या बाणाचं बटण बंद ठेवायचं. बाहेरची हवा ओली असली तरी ती कॉइलवरून वाळूनच आत येते, आणि श्वासांनी भरलेली आतली हवा बाहेर जाते. बाबांनी हे केलं आणि काच खालून वर स्वच्छ होत गेली.

कोकणातल्या उकाड्यात उलटाही प्रकार होतो. एसीचा झोत काचेवर ठेवला की काच गार पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर बाहेरून थिजते. तेव्हा वायपर फिरवा आणि झोत काचेवरून काढा. धुकं आत आहे की बाहेर, हे बोट लावून आधी पाहावं.

निफाडच्या थंडीत हीटरला जवळपास काहीच खर्च नाही. पेट्रोलमधली बरीचशी ऊर्जा इंजिनात उष्णता होऊनच वाया जाते, हीटर त्यातलीच थोडी कूलंटकडून, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाकडून घेतो. म्हणून इंजिन तापेपर्यंत ऊब येत नाही. विजेच्या गाडीत ही फुकटची शेगडी नसते, तिथे ऊब बॅटरीतून घ्यावी लागते.

आणि विदर्भातला मे महिना! उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतलं तपमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी चढू शकतं. लहान मुलाला दोन मिनिटांसाठीसुद्धा आत ठेवू नका, काच बोटभर उघडी असली तरीही नको. निघताना आधी काचा खाली करून तापलेली हवा बाहेर काढा, मगच एसी लावा. गारवा आला की वळलेल्या बाणाचं बटण दाबा, म्हणजे तीच गार हवा पुन्हा गार होईल आणि एसीचा गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरवरचा भार हलका होईल. मात्र लांबच्या प्रवासात ते अधूनमधून बंद करा. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो, सुस्ती येऊ लागते.

घर पाच मिनिटांवर आलं की आता बाबा एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवतात. ओली कॉइल वाळते, आणि सकाळी गाडीत तो कुबट वास येत नाही.