शिंपी, फोम आणि देवगिरी एक्स्प्रेस : मराठवाड्यातल्या कॉस्प्लेची पार्श्वभूमी

दिवाळीच्या आसपास कॉनचा, म्हणजे कॉमिक्स-कार्टूनच्या चाहत्यांच्या मेळाव्यांचा, हंगाम तोंडावर आला की छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरकडच्या कॉस्प्लेयरांमध्ये, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून तिथे जाणाऱ्यांमध्ये, एक जुना वाद हमखास उकरला जातो. शिंप्याकडून शिवून घेतलेला पोशाख ‘स्वतः बनवलेला’ मानायचा का? वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नामागे इथल्या मंडळींचा या छंदातला सगळा प्रवास आहे.

हा प्रवास पैठणच्या एकनाथांच्या भारुडांपासून सुरू करण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. बहुरूपी, रायरंद, सोंगी भारूड हे सगळं इथलंच, यात शंका नाही. पण आज जपानी मालिकांतला नारुतो किंवा तान्जिरो होऊन कॉनला जाणाऱ्या पोरापोरींनी सोंग तिथून उचललेलं नाही. ती वंशावळ सहसा गॅदरिंगचा सूत्रसंचालक जुळवतो. जपानकडची बाजूही सर्वांना ठाऊक आहे : 1975 च्या डिसेंबरात तोक्योत भरलेला पहिला कॉमिकेट हा कॉमिक्सचा बाजार-मेळावा, ऐंशीच्या दशकात रुळलेली कॉस्प्लेची ओळख, 2003 पासून नागोयात भरणारा जागतिक मेळावा.

मराठवाड्यात हे आलं ते टीव्हीच्या वाटेने. नव्वदीत दूरदर्शनवर रविवारी मोगली पाहणाऱ्यांना तो जपानी स्टुडिओत तयार झालाय याचा पत्ता नव्हता. पुढच्या दशकात हिंदी बोलणारे पोकेमॉन, डोरेमॉन आणि शिनचॅन आले. 2004 मध्ये देशात फक्त जपानी कार्टूनपटांना म्हणजे अ‍ॅनिमेला वाहिलेली वाहिनी सुरू झाली खरी, पण ती जिल्ह्याच्या गावात दिसणार की नाही हे केबलवाल्याच्या हाती होतं. त्यात ती सगळी वर्षं भारनियमनाची. मालिकेची वेळ आणि वीज यांची गाठ पडली तर नशीब! एका भागाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात मनानेच जोडून घेतलेली एक अख्खी पिढी इथे आहे.

2016 च्या सप्टेंबरनंतर डेटा स्वस्त झाला आणि चित्र पालटलं. त्याआधी अभियांत्रिकीच्या हॉस्टेलांत हार्ड डिस्क खोलीखोलीतून फिरायच्या, इंग्रजी सबटायटल वाचत रात्री सरायच्या. आता तेच भाग बसमध्ये मोबाइलवर दिसू लागले. 2019 मध्ये चाहत्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवली आणि त्यानंतर एक जपानी अ‍ॅनिमे चित्रपट भारतातल्या थिएटरांत लागला. तेव्हा इकडच्या लोकांना तो बघायला पुणे-मुंबई गाठावी लागली. 2022 नंतर नव्या मालिका हिंदी डबिंगसह येऊ लागल्या, आणि सबटायटलला कंटाळणारी शाळकरी भावंडंही यात ओढली गेली. आजच्या गर्दीत त्यांचा वाटा मोठा आहे.

मेळाव्यांचा नकाशा मात्र महानगरांचाच राहिला. कॉमिक कॉनची 2011 मध्ये दिल्लीत सुरुवात झाली, त्याच वर्षी मुंबई, 2012 ला बेंगळुरू, 2013 ला हैदराबाद. नांदेड, देगलूर, उदगीरच्या चाहत्याला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं, म्हणून तिथली बरीच मंडळी आजही आधी तिकडचीच तारीख पाहतात. देवगिरी एक्स्प्रेस एकीकडे मुंबईला नेते, दुसरीकडे सिकंदराबादला. जागा कुठल्या बाजूने मिळते त्यावर कुठली कॉन करायची हे ठरवणारेही आहेत. 30 डिसेंबर 2023 ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, ऑगस्ट 2025 मध्ये ती नांदेडपर्यंत वाढली. पण चार फुटी तलवार डब्यात कुठे ठेवायची, हा प्रश्न दोन्ही गाड्यांत सारखाच. फोमची आहे, हे शेजारच्या प्रवाशाला आणि रेल्वे पोलिसाला वेगवेगळं पटवावं लागतं. पुढे कॉनच्या दारावर प्रॉपची, म्हणजे सोबतच्या शस्त्रा-वस्तूंची, तपासणी असतेच.

आता वादाकडे. कॉनमधल्या कॉस्प्ले स्पर्धेत स्वतः बनवलेलाच पोशाख हवा, हा नियम आला तो रास्त कारणाने. ऑनलाइन तयार पोशाख मिळू लागल्यावर, महिनोन्महिने खपणारा आणि पार्सल फोडून उभा राहणारा एकाच रांगेत आले. म्हणून बनवतानाचे फोटो मागायला सुरुवात झाली. विग, लेन्स, बूट विकतचे चालतील, बाकीचं हाताने करा. इथपर्यंत कुणाची तक्रार नाही.

तक्रार शिलाईपाशी सुरू होते. नारुतोच्या मालिकेतल्या अकात्सुकी टोळीचा काळा झगा वकिलांचे कोट शिवणाऱ्या संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या कारागिराला अवघड नाही. तान्जिरोच्या हाओरीचं, म्हणजे वरून घालायच्या जपानी अंगरख्याचं, हिरवं-काळं चौकड्यांचं कापड मात्र लातूरच्या गंजगोलाईत हव्या त्या मापाचं मिळेलच असं नाही. मग साध्या कापडाचे चौकोन कापून गोधडीसारखे जोडायचे, नाहीतर पांढऱ्या कापडावर फॅब्रिक रंगाने एकेक चौकोन भरायचा. डिझाइन पोराचं, मापं पोराची, रंगकाम पोराचं, फक्त मशीन शिंप्याचं. काटेकोर अर्थ लावणाऱ्याच्या हिशेबाने हा पोशाख बाद.

तोच नियम थ्रीडी प्रिंटरपाशी मऊ होतो. दुसऱ्याने तयार केलेली फाइल उतरवून घ्यायची, प्रिंट काढायचं, घासून रंगवायचं. हे अनेक ठिकाणी खपतं. आईने टीप मारली तरी कुणी विचारत नाही. यंत्राची मदत चालते, घरची चालते, पैसे घेऊन शिवणाऱ्या माणसाची मात्र चालत नाही, याचं समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. घरात शिलाई मशीन आणि ते चालवायला शिकवणारं कुणी असेल त्यालाच हा नियम सोपा जातो. हॉस्टेलच्या खोलीत फोम तापवून वळवायची हीट गन लावली तर आधी रेक्टर दार वाजवतो.

दुसरी बाजूही आहे : शिंप्याला मोकळीक दिली तर स्पर्धा शिंप्यांचीच होईल, आणि ज्याच्या खिशात जास्त पैसे तो जिंकेल. मुद्दा बिनचूक आहे. पण महागडं आयात साहित्य वापरायला मुभा असताना तो फक्त शिलाईलाच लावावा, हे जरा सोयीचं वाटतं.

वाद वाढल्यावर काही जणांनी स्पर्धा सोडून नुसतं फिरायला, फोटो काढायला जाणं पसंत केलं. काहींनी शिलाई टाळता येईल असंच कॅरेक्टर निवडायला सुरुवात केली. फोमचं चिलखत, रबर सोल्यूशनने चिकटवलेलं, त्यात सुईदोरा लागतच नाही. गॅदरिंगच्या फॅन्सी ड्रेसमध्ये हा प्रश्न कधीच आला नव्हता, कारण तिथे ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेला पोशाखही बक्षीस घेऊन जायचा. मदत घेतली असल्यास ती कुणाची आणि कशासाठी हे अर्जात लिहू द्यावं, गुण त्याप्रमाणे द्यावेत, अशी मागणी इकडचे स्पर्धक करतात. शिंप्याच्या नावापुढे किती गुण कापायचे यावर मात्र त्यांच्यातही एकमत नाही.